डाव्या बाजूचा आवाज

टीव्हीच्या पाठीला किती भोकं असतात आणि कुठल्या भोकात काय जातं, हे आमच्या चाळीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी ते हौसेने शिकले नाही. शिकायला मला एकवीस दिवस लागले, आणि त्या एकवीस दिवसांबद्दल मी आजवर घरात कुणाशी नीट बोललेले नाही. बाबा समोर असतात तेव्हा तर मुळीच नाही.

आमची खोली लालबागला, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाची. पुढच्या खोलीत दिवाण, कपाट, माझं अभ्यासाचं टेबल आणि देव्हारा, मागे स्वयंपाकघर आणि मोरी. जुना डब्बा टीव्ही कपाटावर असायचा. त्याच्या पाठीत दोनच वायरी, एक विजेची, एक केबलची, आणि त्या आपापल्या जागी वर्षानुवर्षं धूळ खात बसलेल्या. तो भंगारात गेला आणि त्याच्या जागी समोरच्या भिंतीवर बत्तीस इंची पातळ टीव्ही आला. बसवणाऱ्या माणसाने दहा मिनिटांत भिंतीला भोकं पाडली, पत्रा ठोकला, टीव्ही त्यावर अडकवला, नवा सेट टॉप बॉक्स खाली फळीवर ठेवला आणि रिमोटसोबत माहितीपुस्तिका माझ्या हातात दिली. "ताई, सगळं ह्यात लिहिलंय," म्हणाला आणि जिना उतरून गेलासुद्धा. शेजारच्या खोलीतले तावडेकाका बनियनवर टीव्ही बघायला आले. "काय परब, थेटर काढलंस की घरात! तिकीट किती?"

"तुला फुकट," बाबा म्हणाले. "पण पिक्चर चालू झाला की बोलायचं नाही."

"मग मी कशाला येऊ?"

सगळे हसले. मग पुस्तिका कुणी वाचायची यावर फारसा विचार झालाच नाही. बाय इंग्लिश मीडियमची आहे, ती बघेल. मी इंग्लिश मीडियमची होते हे खरं, पण मी धड्यांखालचे प्रश्न सोडवणारी होते. 'इनपुट' आणि 'आउटपुट' या शब्दांचे अर्थ मला येत होते, टीव्हीच्या बाबतीत त्यांचं काय करायचं ते येत नव्हतं. तरी मी मान हलवली. चार माणसांसमोर 'मला येत नाही' म्हणण्यापेक्षा रात्रभर पुस्तिका वाचणं मला सोपं वाटायचं. अजूनही वाटतं.

मी त्या शाळेत गेले कारण बाबा त्या शाळेची बस चालवायचे. मी शिशुवर्गात होते तेव्हापासून ते दहावीपर्यंत मी त्याच बसने गेले. सगळी मुलं बाबांना 'काका' म्हणायची. मी काहीच म्हणायचे नाही. त्यांना हाक मारायची वेळ येऊ नये म्हणून मी कायम मधल्या सीटवर बसायचे. बाबांना हे कळलं असणार. त्यांनी कधी विचारलं नाही. मी बोलत आहे ते माझ्या अकरावीच्या वर्षाबद्दल, तेव्हा मी माटुंग्याच्या कॉलेजात जात होते आणि बस सुटली होती.

टीव्ही भिंतीच्या इतका जवळ लावला होता की पाठीमागे जेमतेम बोटं जायची. भोकं दिसायची नाहीत. मग मी आईच्या पावडरच्या डबीतला आरसा घेतला, मोबाईलची बॅटरी लावली आणि तो आरसा फटीत सरकवून पाठीवरची अक्षरं वाचायला लागले. अक्षरं उलटी दिसायची. एकेक उलटं अक्षर सुलटं करून मी वहीत टीव्हीच्या पाठीचं चित्र काढलं. एका कडेला उभी रांग: दोन चपटी, रुंद तोंडाची भोकं, त्यांतून चित्र आणि आवाज एकत्र येतात. त्यांच्या खाली पेनड्राइव्हचं. त्याखाली कानात घालायच्या हेडफोनचं बारीक गोल भोक. मधोमध आडवी रांग: पिवळं, पांढरं, तांबडं. पिवळ्यातून चित्र, पांढऱ्यातून डावा आवाज, तांबड्यातून उजवा. आमचा सेट टॉप बॉक्स याच तीन रंगी वायरने जोडलेला होता. शेवटी केबलचं जुनं भोक, आता रिकामं. बटणं म्हणावीत तर एकच होतं, टीव्हीच्या खालच्या कडेला, बोटाला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही असं. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे ढकलायचं, मधोमध दाबायचं. मला ते सगळं आवडायला लागलं होतं हेही कबूल करायला हवं. भोकांशी बोलावं लागत नाही. जे जिथे बसतं ते तिथेच बसतं.

टीव्ही आल्याच्या चौथ्या-पाचव्या संध्याकाळी आईने बांगडे तळले होते. बाबा साडेपाचला घरी येत, अंघोळ करत, आणि दिवाणावर भिंतीला पाठ टेकून ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसत. आमच्याकडे जेवताना कुणी फार बोलायचं नाही. तव्याचा आवाज, बाहेर गॅलरीत कुणाच्या तरी बादल्यांचा आवाज, आणि बातम्या. बाबांनी काटा काढता काढता मान वर केली आणि म्हणाले, "बाय, ह्याचा आवाज एकाच बाजूने येतोय."

"कुठल्या?"

"उजव्या. तावड्याच्या भिंतीतून बोलल्यासारखी वाटतायत माणसं."

आई आतून म्हणाली, "माका तर बरोबर येता."

"तुका काय कळता? भाकऱ्या थापून थापून कान गेले तुझे."

"कान नाय जात भाकरी थापून. हात जातत."

मी टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले. मला दोन्ही बाजूंनी सारखंच येत होतं. पण बाबा चुकीचं बोलतायत असं माझ्या मनात आलं नाही. ते रोज सकाळी इंजिनाचा आवाज ऐकून गाडीचं काय बिनसलंय ते सांगणारे. गॅरेजवाले त्यांना विचारायचे. त्यांनी आवाज एका बाजूने येतो म्हटलं तर तो येतच असणार, मला ओळखता येत नसेल. मी पुस्तिका काढली. तिच्या शेवटच्या पानांवर तक्रारींचा तक्ता होता, एका रकान्यात काय होतंय आणि दुसऱ्यात काय करावं. आवाज एका बाजूने येत असल्यास जोडणी तपासा, असं त्यात होतं.

पांढरी पिन सैल असणार, हा माझा पहिला तर्क. ती मी काढून पुसून परत घट्ट बसवली. फरक नाही. मग मला माझ्या मते फार हुशारीची युक्ती सुचली. मी पांढरी आणि तांबडी पिन एकमेकांच्या जागी लावली. दोष बॉक्सचा किंवा वायरचा असेल, तर बंद बाजू बदलायला हवी. डावी बंद होती ती आता उजवी बंद व्हायला हवी.

"आता?" मी विचारलं.

बाबांनी डोळे मिटले, ऐकलं. "उजवीकडूनच."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? कान आहेत मला."

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येताना चपटी वायर विकत घेतली आणि बॉक्स त्या रुंद तोंडाच्या भोकात जोडला. चित्र एकदम स्वच्छ झालं, आई पदर हातात धरून बघत राहिली. आवाज मात्र बाबांना उजवीकडूनच. मी दुसऱ्या भोकात लावून बघितलं. पेनड्राइव्हवर आरत्या आणून लावल्या. सेट टॉप बॉक्स पूर्ण काढून ठेवला. प्रत्येक वेळी मी वहीतल्या चित्रावर त्या भोकाशी एक बारीक बरोबरची खूण करायचे, म्हणजे इथे दोष नाही. रोज एक खूण वाढायची. खुणा वाढत गेल्या तसं मला बरं वाटायला हवं होतं. उलट ती वही उघडायची मला भीती वाटायला लागली. का, ते मी स्वतःलाही सांगत नव्हते.

मग तो रविवार. दुपारी कोंबडी-वडे झाले होते, आई मागे भांडी घासत होती, बाबा दिवाणावर आडवे झाले होते आणि मी टेबलाशी. टीव्ही बंद होता. बाबा एकदम उठून बसले.

"टीव्ही बंद कर."

"बंदच आहे, बाबा."

"मग हे काय? घूं घूं येतंय. मेन बंद कर."

मी भिंतीवरचं बटण बंद केलं. सेट टॉप बॉक्सचा लाल दिवा विझला. बाबा ऐकत राहिले, मग स्वतः उठले आणि प्लग उपसून काढला. पंखा बंद केला. आत जाऊन फ्रिज बंद केला. आईने भांडं हातात तसंच धरलं. आमची खोली इतकी गप्प झालेली मी कधी पाहिली नव्हती. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढत होतं तेवढंच.

"अजून येतंय," बाबा म्हणाले. वायर जमिनीवर पडलेली, प्लगचे तीन दात वर, आणि बाबा त्या काळ्या काचेकडे असे बघत होते, जसं कुणी अंगणात आलेल्या अनोळखी कुत्र्याकडे बघतं. "तुला नाही येत?"

मी टीव्हीला कान लावला. पाठ थंड होती. आत काहीही नव्हतं.

"थोडं थोडं येतंय," मी म्हणाले.

का म्हणाले? आज तिशी ओलांडल्यावर, शीवच्या माझ्या घरात बसून मी याचं उत्तर शोधते, तेव्हा मला एवढंच सापडतं की मोठ्या माणसाला 'नाही येत' म्हणायची सवय माझ्या जिभेला नव्हती. बाबांना दिलासा मिळाला. ते म्हणाले, "बघ, म्हणजे टीव्हीच खराब आहे," आणि परत आडवे झाले. पुढे कानाच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की अशा अचानक गेलेल्या कानाला पहिले काही दिवसच औषध लागू पडतं, आठवडा-दोन आठवडे, नंतर काही खरं नसतं. तेव्हा मला ते 'थोडं थोडं' आठवलं. मी डॉक्टरांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले.

फक्त हेडफोनचं भोक उरलं होतं. मी ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं असं आता वाटतं. माझ्याकडे शाळेच्या कॉम्प्युटरच्या तासाला घेतलेले मोठे हेडफोन होते, कान पूर्ण झाकणारे, एका बाजूवर डावं आणि दुसऱ्यावर उजवं असं लिहिलेले. पिन आत गेली की टीव्हीचा बाहेरचा आवाज आपोआप बंद होतो, हे पुस्तिकेत वाचलं होतं. वायर आखूड, म्हणून बाबांना टीव्हीखाली स्टुलावर बसवलं. ते न्हाव्याकडे बसावं तसे मान वर करून बसले.

"डावा बंद," ते लगेच म्हणाले. "उजवा खणखणीत."

मी हेडफोन त्यांच्या डोक्यावरून काढून माझ्या कानांवर ठेवले. दोन्ही बाजूंनी एक बाई साबणाबद्दल बोलत होती. मी ते परत त्यांच्या डोक्यावर ठेवले, पण या वेळी उलटे. ज्या बाजूला उजवं लिहिलं होतं ती त्यांच्या डाव्या कानावर.

"आता?"

"डावा बंद. तसाच."

त्यांना उलटं घातल्याचं कळलं नव्हतं. मी हेडफोन त्यांच्या डोक्यावरून काढले आणि वायर गुंडाळायला लागले. आई कणीक मळत दारात आली होती. "काय झाला गो?" तिने विचारलं.

"काही नाही. वायर खराब आहे हेडफोनची."

हे माझं दुसरं खोटं. पण बाबांना खरंच माहीत नाही, हे मला अजून वाटत होतं. दोन दिवसांनी तेही गेलं.

टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये एक पट्टी असते. तिच्यावरचा ठिपका मध्ये असला की दोन्ही बाजूंना सारखा आवाज, डावीकडे सरकवला की उजवी बाजू हळूहळू बंद होते. त्या संध्याकाळी बाबांनी स्वतःहून हेडफोन मागितले, म्हणाले कान भरून ऐकू येतं. विनोदी कार्यक्रम लागला होता. मी बाजूला रिमोट घेऊन बसले आणि ती पट्टी उघडली. ती चित्राच्या खाली बारीकशी दिसत होती, पण बाबांना चष्म्याशिवाय ते वाचता यायचं नाही. मी ठिपका एक घर डावीकडे नेला. मग आणखी एक. माझं लक्ष पट्टीवर नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ठिपका डाव्या टोकाला गेला. आता त्यांच्या उजव्या कानावर काहीच वाजत नव्हतं, सगळा आवाज डाव्या कानात. मी वाट बघत होते की आत्ता बाबा म्हणतील, बाय, आवाज गेला.

पडद्यावरच्या माणसाने काहीतरी म्हटलं, समोर बसलेले प्रेक्षक हसले, त्यांची तोंडं उघडलेली दिसली. आणि बाबाही हसले. मांडीवर थाप मारून हसले.

पाच मिनिटं मी ठिपका तसाच ठेवला. पाच मिनिटं बाबा त्या मुक्या चित्राबरोबर योग्य त्या ठिकाणी हसत राहिले. अंधारात उभ्या असलेल्या माणसाने आपण बघतोय हे कळू नये म्हणून श्वास धरावा, तशी मी बसले होते. त्यांना माहीत होतं. किती दिवसांपासून, ते मला आजही माहीत नाही. टीव्ही यायच्या आधीपासून असेल, म्हणूनच कदाचित नवा टीव्ही आणला असेल, हाही विचार माझ्या मनात येऊन गेलेला आहे.

मी आईला सांगितलं, मोरीत, नळ सोडून. तिने ऐकलं आणि हातातला तांब्या धूत राहिली. ती म्हणाली, "म्हणून तर."

"काय म्हणून?"

"मी त्यांच्या डाव्या अंगाक निजतंय. वीस दिवस झाले, मी काय बोलला तर ऐकाच नाय. माका वाटला, माझ्यावर राग धरल्यानी." मग तिने नळ बंद केला. "बाहेर बोला नको. कोणाकच नको. गाडी सुटली तर तो माणूस करतलो काय?"

गाडीचं मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. मी टीव्हीच्या पाठीमागे इतकी अडकले होते. आईने गाडी म्हटलं आणि माझ्या डोळ्यांसमोर बसचं दार आलं. बसचं दार डावीकडे असतं. मुलं डावीकडून उतरतात. शेवंतामावशी, बसमध्ये मुलांना सांभाळणारी, आधी स्वतः उतरते, मुलांना एकेक करून खाली घेते, आईबापांच्या हाती देते आणि मग चढता चढता बसच्या पत्र्यावर तळहाताने थाप मारते. दोन थापा म्हणजे चला, एक थाप म्हणजे थांबा. बारा वर्षं मी त्या थापा ऐकल्या होत्या. आरशात न दिसणाऱ्या सगळ्या गोष्टी बाबांना त्या थापांमधून दिसायच्या, डाव्या कानातून.

दोन दिवसांनी शुक्रवारी मी दाखल्याची प्रत हवी असं सांगून शाळेत गेले आणि सुटल्यावर बसमध्ये चढले. मावशी म्हणाली, "अगो, किती उंच झालीस! ये, बस." मी मधल्या सीटवर बसले, डावीकडे, खिडकीशी. परळ सोडेपर्यंत काही झालं नाही. शांत ठिकाणी बाबांना उजव्या कानाने सगळं येत होतं. मावशीचं ऐकत होते, मुलांना ओरडत होते. मला वाटायला लागलं की मीच घाबरट आहे.

नायगावच्या एका गल्लीत बस थांबली. बाजूला इमारतीचं काम चाललं होतं, यंत्राची घरघर होती. तीन मुलं उतरली. सगळ्यात लहान होती ती शिशुवर्गातली, दोन वेण्या, पाठीवर तिच्याहून मोठं दप्तर. मावशीने दोन थापा मारल्या, बाबांनी आरशात बघून गियर टाकला. त्याच वेळी त्या मुलीच्या गळ्यातली पाण्याची बाटली निसटली आणि घरंगळत मागच्या चाकापुढे गेली. ती मुलगी वाकली. मी वरून सरळ बघत होते. मावशीने पत्र्यावर थाप मारली, एक, जोराची. "भाऊ, थांबा!"

बस निघाली.

माझं तोंड उघडलं होतं. मला ते नक्की आठवतं. आवाज आला नाही. मावशीने दप्तराचा पट्टा धरून त्या मुलीला मागे ओढलं, दोघी फुटपाथवर बसकण मारून पडल्या, आणि चाकाखाली बाटली फुटली. फट्. मग बस गल्लीच्या तोंडाला गेली आणि पुढे हातगाडी आडवी आली म्हणून थांबली. मावशी धावत येऊन चढली. तिच्या साडीला धूळ लागली होती.

बाबा आरशात बघून म्हणाले, "काय मावशी, आज चालत येणार होतीस काय?"

मुलं हसली. मावशी हसली नाही. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तुझ्या बाबांचं हल्ली लक्ष कुठे असतं गो? घरी काय झालंय?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. तिने हात माझ्या गुडघ्यावर ठेवला होता. पुढच्या थांब्यापर्यंत तो तिथेच होता.

संध्याकाळी बाबा अंघोळ करून दिवाणावर बसले. आईने सोलकढीची वाटी त्यांच्यासमोर ठेवली. मी टीव्ही लावला नाही. त्यांनी रिमोट मागितला तो दिला नाही. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले आणि दुपारचं सगळं सांगितलं. थाप, बाटली, वेण्या. एवढं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते मला मध्ये अडवतील असं वाटत होतं. त्यांनी अडवलं नाही.

"मुलगी कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. शिशुवर्गातली."

"लागलं?"

"गुडघे खरचटले. मावशीने ओढलं म्हणून."

बाबांनी वाटी उचलली आणि न पिता खाली ठेवली. "मला थाप ऐकूच आली नाही," ते म्हणाले. मग, "आली असती तर थांबलो असतो ना मी."

"हो, बाबा."

"टीव्ही खराब नाय."

"नाही."

"तू त्या दिवशी म्हणालीस तुला पण आवाज येतोय."

"नव्हता येत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मग ते एकदम कामाच्या आवाजात बोलायला लागले. "उद्या शनिवार. अर्धा दिवस आहे. उद्याचा दिवस जाऊ दे. मावशीला सांगतो, आत येऊन खांद्याला हात लावत जा. सोमवारी मी स्वतः जाऊन सरांना सांगतो."

"आज सांगा."

"अगं, सोमवारी..."

"आज, बाबा. आत्ता."

"आणि मग करू काय? घरी बसून ह्यो टीव्ही बघू?"

आतमध्ये आईने गॅस बंद केल्याचा आवाज आला. ती दारात येऊन उभी राहिली, हात पदराला पुसत. मला वाटलं, ती त्यांची बाजू घेणार. दोन दिवसांपूर्वी तिनेच मला गप्प बसायला सांगितलं होतं. पण ती म्हणाली, "लाव गो फोन."

शाळेच्या गाड्यांचं काम बघणाऱ्या सरांचा नंबर बाबांच्या फोनमध्ये वरच होता. मी तो लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डाव्या कानाला लावला. सवयीने लावला की मुद्दाम, हे मी अनेकदा स्वतःला विचारलं आहे. ते ताठ बसले होते, साहेबासमोर उभं राहावं तसे, आणि समोरच्या बंद टीव्हीत त्यांचा आकार दिसत होता.

"उचलत नाहीत," ते म्हणाले. "जेवत असतील. राहू दे."

खोली शांत होती. फोनमधून एक बारीक आवाज येत होता, मला ऐकू येत होता आणि दारात उभ्या असलेल्या आईलाही ऐकू येत असावा. "हॅलो? हॅलो, परब? बोला, परब. काय झालं?"

मी बाबांचं मनगट धरलं. फोन त्यांच्या डाव्या कानावरून काढला आणि डोक्यामागून फिरवून उजव्या कानाला लावला. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. तो फार जड लागला. क्षणभर ते ऐकत राहिले, मग त्यांनी घसा खाकरला.

"परब बोलतोय, सर," ते म्हणाले. "नाही, नाही. गाडी ठीक आहे. गाडीला काय झालेलं नाही. मला झालंय."